लवंग, वेलची आणि गोठ्याचं दार

माझ्या हाताला यश नाही, हे आमच्या घरात एकोणीसशे चौपन्न साली ठरलं. ठरवलं माझ्या सासूबाईंनी, तानाबाईंनी, आणि त्यांनी एकदा ठरवलेलं मोडायची घरात कुणाची छाती नव्हती. झालं असं, की मी लग्न होऊन कुरुळीला आले त्याच्या दुसऱ्या वर्षी आमची कपिला गाय पहिल्यांदा व्याली. गोठा तेव्हा माझ्याकडे होता. नवव्या दिवशी कालवडीला हगवण लागली आणि ती गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी धारेची चरवी घेऊन गोठ्याकडे निघाले, तर त्यांनी ती माझ्या हातातून काढून घेतली.

"सगुणे, तुझ्या हाताला यश न्हाई," त्या म्हणाल्या. "आजपासनं तू गोठ्यात पाऊल टाकायचं न्हाई."

एवढ्यावर भागलं असतं तरी मी सोसलं असतं. पण घरातली गोष्ट विहिरीवर जायला किती वेळ लागतो? आठ दिवसांत गावातल्या बायका मला बघून आपली करडं पाठीमागे घ्यायला लागल्या. छबूबाईची शेळी गाभण होती. मी तिच्या अंगणात ताक मागायला गेले, तर तिनं आधी शेळी आत नेली आणि मग मला ताक दिलं. ते ताक मी घरी आणून गटारात ओतलं.

मी माहेरी निघोज्याला नऊ गुरांत वाढलेली. स्वयंपाक मला यथातथाच यायचा, ओव्या पाठ नव्हत्या, पण कसलंही जनावर माझ्याकडे चटकन यायचं. गोठा बंद म्हणजे माझं निम्मं सासर बंद. पुढची दोन वर्षं सासूबाई दुखरे गुडघे धरत स्वतः धार काढायच्या, स्वतः शेण भरायच्या, आणि मी चुलीपाशी बसून भाकऱ्या बडवायची. बडवायची हा शब्द मी जाणूनबुजून वापरला आहे.

छप्पन साली मालकांना पिंपरीला काम लागलं. मालक म्हणजे बन्सी. बोलताना मी कधी त्यांचं नाव घेतलं नाही, पण लिहिलेलं कुणाला ऐकू जात नाही. औषधांच्या नव्या कारखान्यातल्या साहेबलोकांच्या बंगल्यांवर ते माळी होते. रोज सायकलवरून मोशी, भोसरी करत जायचे आणि संध्याकाळी साहेबांच्या गोष्टी घेऊन यायचे. शिमग्याला आठ दिवस असताना मात्र ते गोष्टीऐवजी झाकणाची टोपली घेऊन आले. टोपलीत दोन ससे होते, एक तपकिरी आणि एक राखाडी. एकेक माझ्या ओंजळीत बसेल एवढा. कान आखूड, गाल फुगलेले, आणि डोळे एवढे टपोरे की कुणीतरी नुकतंच रागावलं असावं.

मालकांनी सांगितलं ते असं. हॉलंडचे एक साहेब बायकोला आणि मुलीला घेऊन सात-आठ महिने आपल्या देशी चालले होते. मुलगी आठ वर्षांची, तिला सगळे बेबी म्हणायचे. ससे तिचे. तिनं टोपली मालकांच्या हातात दिली आणि दिवाळीनंतर परत येऊ तोवर सांभाळा, असं काहीसं सांगितलं. त्यातलं निम्मं मालकांना कळलं होतं. उरलेलं निम्मं त्यांनी येताना सायकलवर बसून स्वतः तयार केलं होतं.

"चांगली वाढवून दिली तर साहेब कारखान्यात घेतील मला," ते म्हणाले. हे त्या निम्म्यातलंच असणार.

आमचे मामंजी, सोनबा, ओट्यावर बसले होते. चाकणच्या शनिवारच्या बाजारात त्यांनी दात बघितल्याशिवाय आमच्या चार गावांत कुणी बैल घेत नसे. त्यांनी डोक्याचं मुंडासं सारखं केलं, तपकिरी ससा मांडीवर घेतला आणि अंगठ्यानं त्याचा ओठ वर केला. मग राखाडीचा.

"दोन दाती हायेत," मामंजी म्हणाले. "दोन्ही माद्या. अजून अंगानं भरायच्यात."

बैलाला पहिले दोन पक्के दात आले की तो दोन दाती. म्हणजे कोवळा, वाढीला लागलेला. मग चार दाती, सहा दाती, आणि आठही आले की जुळला. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्यामुळे मामंजींच्या बोलण्यावर कुणी शंका घेतली नाही. मीही नाही.

आता दुसऱ्याचं लहान जनावर सांभाळायला घेतलं, की ते वाढवून, भरवून परत करायचं, ही आमची रीत. जसं नेलं तसंच आणून दिलं तर सांभाळणाऱ्यानं त्याच्या तोंडचं खाल्लं असं लोक धरतात. म्हणून मामंजी टोपली माझ्या सासूबाईंपुढे सरकवणार, तेवढ्यात त्याच म्हणाल्या, "मला गायीचं होईना झालंय. सगुणेला द्या."

मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "ऐक गं. कपिला फळलीया. दिवाळीनंतर व्यायची. तवर ही दोन्ही मांजराएवढी करून दाव. झाली, तर गोठा तुझा, मी मधी पडणार न्हाई. न्हाई झाली, तर पुन्यांदा गोठ्याचं नाव काढायचं न्हाई."

"कबूल," मी म्हटलं. इतक्या लगेच म्हटलं की मालकांनी कपाळाला हात लावला.

तपकिरीचं नाव मी लवंग ठेवलं आणि राखाडीचं वेलची. बेबीनं ठेवलेली नावं मालकांना उच्चारता येत नव्हती.

पहिल्या आठवड्यातच मला कळलं, की नऊ गुरांचा अनुभव सशांपुढे फुकट आहे. पहिल्या दिवशी सासूबाईंनी मायेनं कांद्याची पात टाकली. चाकणच्या बाजूला कांद्याला काय तोटा? दोघींनी ती थोडी खाल्ली आणि दुसऱ्या दिवशी कोपऱ्यात मलूल होऊन बसल्या. पात बंद केली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी वेलची अंगणात पळता पळता अचानक हवेत उडाली, कंबरेत पिळवटली आणि दुसऱ्याच दिशेला तोंड करून खाली आली. मामंजी म्हणाले, आकडी आली. मी कांदा फोडून तिच्या नाकाला लावायला धावले, तर तेवढ्यात लवंगही तशीच उडाली. दोन-तीन दिवस बघितल्यावर माझ्या ध्यानात आलं, की पोट भरलं, ऊन उतरलं आणि कुत्रं आसपास नसलं, की त्यांना ही आकडी येते. त्या खुशीत होत्या. मला इतकं बरं वाटलं की मी एकटीच हसत बसले.

मग एका पहाटे सासूबाईंनी लवंगेला आपल्याच बुडाला तोंड लावून काहीतरी खाताना पाहिलं.

"बगा, बगा," त्या मामंजींना म्हणाल्या. "उपाशी ठेवतीया ती मुक्या जीवाला. आपलंच लेंडूक खायची पाळी आली."

मी घमेलंभर हिरवा घास दाखवला, तरी त्यांचा विश्वास बसेना. खरं म्हणजे मलाही लाज वाटली. त्यानंतर मी पहाटे उठून पाळत ठेवली. रोज पहाटे दोघी तेच करायच्या, मऊ असायचं तेवढंच खायच्या आणि दिवसभराच्या सुक्या लेंड्यांना तोंडही लावायच्या नाहीत. ज्या दिवशी ते खात, त्या दिवशी टुणटुणीत असत. त्यांची ती रीत असेल म्हणून मी सोडून दिलं. दुसऱ्याच्या ताटात किती बघायचं?

दर शनिवारी बाजाराला जायच्या आधी मामंजी सशांना वितीनं मोजायचे. बैलाची उंची बघावी तसे जमिनीपासून खांद्यापर्यंत. पहिल्या शनिवारी वीतभर भरली नाही, दोन बोटं कमी. दुसऱ्या शनिवारी दोन बोटं कमी. चैत्र उजाडला तरी दोन बोटं कमी. इकडे बाजारात मामंजींनी चारचौघांत सांगून ठेवलेलं, की दिवाळीला दीड-दीड वीत करून दाखवतो. मग त्यांनी स्वतःच खुराकात लक्ष घातलं. सरकीची पेंड भिजवून, त्यात गुळाचा खडा आणि चमचाभर तूप. आमच्या सर्जा बैलाला शर्यतीआधी हाच खुराक असे.

तिसऱ्या दिवशी वेलचीचं पोट टम्म फुगलं. हात लावला तर नगाऱ्यासारखं लागत होतं. ती दात खात एका जागी बसून राहिली, पाण्यालाही तोंड लावीना. मी त्या दिवशी भांडले. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा मामंजींसमोर आवाज चढवला आणि पेंडीचं भांडं उचलून बैलांच्या गव्हाणीत रिकामं केलं. मग वेलचीला मांडीवर घेऊन सकाळपासून दुपारपर्यंत तिचं पोट हलक्या हातानं चोळत बसले. दुपारी तिनं चार लेंड्या टाकल्या. इतक्या साध्या गोष्टीनं माणसाला रडू येऊ शकतं, हे मला तोवर माहीत नव्हतं. त्यानंतर त्यांना वाळलं गवत, कडब्याची पानं, हरळी, थोडा घास आणि पाणी, बस्स. वाढल्या तर वाढल्या.

वैशाखात ऊन तापलं तेव्हा वाढीचा विषयच माझ्या डोक्यातून गेला. दोघी जमिनीवर लांब पसरून धापा टाकायच्या, कान हाताला चुलीवरच्या तव्यासारखे लागायचे. परसात चिंचेखाली एक फुटका रांजण पडलेला होता. मी चिंचेच्या मुळाशी खड्डा खणून तो आडवा निम्मा पुरला, आत वाळू पसरली, वर पोतं टाकलं आणि दिवसातून सात-आठ वेळा त्याच्यावर पाणी मारलं. विहीर लांब. तुम्ही हिशेब करा, किती घागरी झाल्या असतील. ओल्या बोटांनी त्यांचे कान पुसायचे. दुपारी एखादीला फार धाप लागली, की मी तोंडानं फुंकर घालत रांजणासमोर पालथी पडून राहायची. विहिरीवर बायका म्हणायच्या, सोनबाची सून सशांच्या पायी येडी झाली. बरं झालं, निदान करडांचा विषय तरी त्यांच्या तोंडून सुटला.

पावसाळ्यात त्या मजेत होत्या. लवंगेनं मामंजींची एक वहाण, सर्जाच्या घुंगरमाळेचा पट्टा आणि माझ्या दोन लुगड्यांचे पदर कुरतडले. वेलची भाकरी थापताना येऊन माझ्या पायाच्या अंगठ्यावर हनुवटी घासून जायची, जणू अंगठा तिच्या नावावर लावून घेतला होता. मी त्यांच्याशी बोलायची. घरात बोलायला मिळत नव्हतं ते सगळं त्यांना सांगायची. त्या कान टवकारायच्या आणि अध्येमध्ये घास चावायच्या.

आणि वीत? भाद्रपदातला पोळा झाला, नवरात्र बसलं, दोन बोटं कमी ती कमीच. त्यात मामंजींनी पुन्हा एकदा ओठ उचलून पाहिलं आणि त्यांचा चेहराच उतरला.

"अजून दोन दातीच," ते पुटपुटले. "सात म्हैन्यांत पुढचा दात न्हाई. अंग तर न्हाईच वाढलं, वयबी न्हाई वाढलं."

सासूबाईंनी माझ्याकडे नुसतं बघितलं. बोलल्या असत्या तर मी उत्तर तरी दिलं असतं.

दिवाळी झाली आणि निरोप आला, की येत्या सोमवारी साहेब पोचतात. मालकांची झोप उडाली. शनिवारी ते बाजारातून एक खोका आणि एक माणूस घेऊन आले. माणूस तळेगावचा चिमाजी. तो ससे पाळायचा, खायला विकायचे म्हणून. खोक्यात दोन पांढरेशुभ्र ससे होते. मांजराएवढे नव्हे, बोक्याएवढे.

मालकांनी मला परसात नेलं. "बदली करू," ते हळूच म्हणाले. "हे दोन मोठे घ्यायचे, आपले दोन त्याला द्यायचे. वर एक कोंबडा मागतोय. साहेब खुश, आबांची बाजारात पत राहिली, आणि आईला अलीकडं डोळ्यांनी धड दिसत न्हाई. वाढले म्हणून सांगू. तुझा गोठा तुला."

"आपले ससे तपकिरी न् राखाडी हायेत."

"उन्हानं रंग उडाला म्हणू."

मामंजींना विचारलं तर ते म्हणाले, "मला काय बी म्हाईत न्हाई," आणि वहाण शोधायला लागले. ती लवंगेनं खाल्लेली होती, तेव्हा अनवाणीच चावडीकडे गेले.

मी चिमाजीला विचारलं, "आमच्या दोघींचं काय करणार?"

तो सरळ माणूस होता. "ताई, ह्यांच्यात मटान किती निघणार? एका माणसाचं कालवण. म्हणून तर कोंबडा मागतोय."

मी खोक्यात हात घातला. पांढरा ससा हाताला जड लागला, ऊबदार, थोराड. ह्यांना नुसतं टोपलीत टाकून उद्या सासूबाईंपुढे ठेवायचं, की झालं. दोन वर्षं मी गोठ्याच्या दाराला लावलेल्या त्या आडव्या वाशांच्या बाहेर उभी होते. कपिलेचं पोट खाली उतरलेलं होतं, पंधरा-वीस दिवसांत ती व्याली असती. मला गोठा हवा होता. खोटं कशाला सांगू, क्षणभर मी कोंबडा कुठला द्यायचा त्याचाही विचार केला.

तेवढ्यात वेलची आली आणि माझ्या अंगठ्यावर हनुवटी घासली. मी तिला उचललं.

"न्हाई," मी मालकांना म्हटलं. "माझ्या हाताला यश न्हाई तर न्हाई. गोठा गेला तरी चालंल. पण आठ म्हैने माझ्या हातातनं घास खाल्लेला जीव मी कालवणाला देणार न्हाई. त्या पोरीनं ज्या दिल्या त्याच तिला मिळतील, एवढ्याशाच. शिव्या द्यायच्या तर मला देईल."

चिमाजीनं खोका उचलला आणि जाताना म्हणाला, "बाई खमकी हाय." मालकांनी पुढचे दोन दिवस माझ्याशी बोलणं सोडलं.

मंगळवारी सकाळी गाडी जुंपली. जनावर परत करताना घरचा कर्ता माणूस बरोबर लागतो, म्हणून मामंजी आले. सासूबाईंना कुणी बोलावलं नव्हतं, पण त्या ठेवणीतलं लुगडं नेसून सगळ्यांच्या आधी गाडीत बसल्या होत्या. मालक पुढे सायकलवर. मी टोपली मांडीवर घेऊन बसले आणि रस्ताभर झाकणाच्या फटीतून बोट आत घालून ठेवलं.

बंगल्याच्या पायऱ्यांपाशी आम्ही उभे राहिलो. मालकांनी टोपली घ्यायला हात पुढे केला, पण मी दिली नाही. साहेब, मडम आणि बेबी बाहेर आले, बरोबर खानसामा ज्योतीराम. त्याला साहेबांची भाषा येत होती. मला वाटलं, कुणी काही म्हणायच्या आधी आपणच सांगून टाकावं.

"मडमला सांगा," मी म्हटलं, "वाढल्या न्हाईत. पण खायला मी चोरी केलेली न्हाई. जे चुकलं ते माझ्या हाताचं."

ज्योतीरामनं अजून तोंड उघडलं नव्हतं, तोवर बेबीनं टोपलीचं झाकण काढलं होतं. तिनं आत बघितलं आणि ती खालीच बसली. लवंगेला उचलून तिनं गालाला लावलं आणि मोठमोठ्यानं रडायला लागली. मग मडम रडायला लागली. मी मनात म्हटलं, संपलं. मालक तर फाटकाकडेच बघत होते.

मडम बराच वेळ ज्योतीरामशी बोलली. तो आमच्याकडे वळला तेव्हा हसत होता.

"वाढणार कशा, बाई? ह्यांची जातच एवढी. खुजे ससे असत्यात ते. हितं आल्या तवाच दोघी तीन वर्षांच्या पुऱ्या व्हत्या."

"आरं, पण दोन दाती..." मामंजी म्हणाले.

"सशाला मरेपत्तुर पुढचे दोनच दिसत्यात, आबा."

मामंजी मग बंगल्यातली फुलझाडं बघायला निघून गेले.

"मग रडत्यात कशाला?" मी विचारलं.

"चार आणल्या व्हत्या हिकडं," ज्योतीराम म्हणाला. "दोन मागल्या साली उन्हाळ्यात मेल्या, इजेच्या पंख्याखाली ठिवल्या व्हत्या तरी. थंड मुलखाचं जनावर हाय. मडम म्हणत्यात, पोरीला सांगून ठिवलं व्हतं, की ह्या दोन आता पुन्यांदा दिसायच्या न्हाईत, रडायचं न्हाई. आन तुमी जित्त्या आणल्या. त्या इचारत्यात, उन्हाळा कसा काढलात?"

मी खाली बसून हातानं रांजण दाखवला, पोतं दाखवलं, पाणी मारून दाखवलं, ओल्या बोटांनी कान पुसून दाखवले. बेबी माझ्या शेजारी येऊन बसली आणि तिनंही वेलचीचे कान तसेच पुसले. साहेबांनी मालकांच्या पाठीवर थाप मारली. ती थाप पुढे मालकांनी सहा महिने गावभर सांगितली.

निघताना मी दोघींना एकदा जवळ घेतलं. वेलचीनं माझ्याकडे वळूनही बघितलं नाही, तिला बेबीच्या खिशातलं काहीतरी हवं होतं. मी गाडीत बसले आणि रडले. कुणापासून लपवलं नाही.

मोशीला इंद्रायणीवर मामंजींनी बैल सोडून पाण्यावर नेले. गाडीत आम्ही दोघीच राहिलो. सासूबाई नदीकडे बघत म्हणाल्या, "कालवड तुझ्या हातानं न्हाई गेली."

मी डोळे पुसायची थांबले.

"तू विहिरीवर गेलीस, की मी तिला सोडायची गाईला. दोन दोन येळा. म्हटलं, दूध मायंदाळ हाय, पिऊ द्या लेकराला. तू हिशोबानं पाजायचीस ते मला बघवंना. अति झालं, हगवण लागली. मला तवाच कळलं व्हतं."

"मग माझं नाव का घेतलंत?"

"माझं घ्यायला जीभ उचलंना." त्या पुढे म्हणाल्या, "शनिवारी बन्सी बदली करायची म्हणत व्हता तवा मी चिंचेपल्याड लाकडं येचत व्हते. डोळ्यानं कमी दिसतंय, कानानं न्हाई. गोठा गेला तरी चालंल म्हणालीस. तवापासनं घास उतरंना मला. आता गोठा तुझा. घरी गेल्यावर तूच वासं काढ न् आत जा."

आता मी हरखून जायला हवं होतं. पण मला राग आला. असा राग मला आयुष्यात आधी आला नव्हता आणि नंतरही नाही. दोन वर्षं डोळ्यांसमोर आली, छबूबाईचं ताक आलं, करडं पाठीमागे घेणारे सगळे हात आले. मी गाडीतून खाली उतरले.

"आत्याबाई, हे मला सांगून काय उपेग?" मी म्हटलं. "कालवड मी मारली न्हाई, हे मला ठावंच व्हतं. ज्यांना ठावं न्हाई त्यांना सांगा."

मोशीपासून कुरुळीपर्यंत मी गाडीत बसले नाही. गाडी पुढे, मी मागे. मामंजींनी दोनदा बस म्हणून सांगितलं, मग त्यांनी बैल हाकले. घरी आल्यावर मी गोठ्याकडे फिरकलेही नाही. चूल पेटवली आणि भाकऱ्या केल्या. त्या दिवशी बडवल्या नाहीत, नीट थापल्या. अंगात त्राण नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घागर घेऊन विहिरीवर गेले. नेहमीच्या सात-आठ जणी होत्या. छबूबाई होती, अंबूबाई होती, दोघी-तिघींच्या कडेला पोरं, पायांत करडं. मी दोर सोडला तेवढ्यात सगळ्या वाटेकडे बघायला लागल्या. सासूबाई येत होत्या. गुडघ्यांमुळे वर्षभरात त्या विहिरीवर आल्या नव्हत्या. एका हातात काठी, दुसऱ्या हातात रिकामा तांब्या, तोही उगाच, निमित्ताला. त्या चढ चढून आल्या, दगडावर टेकल्या, दम घेतला.

"छबू, अंबू, समद्याजणी ऐका," त्या म्हणाल्या. "चौपन्न सालची आमची कालवड मी मारली. जास्ती पाजून. आन नाव सुनेचं घेतलं. तिच्या हाताला यश हाय. खोट व्हती ती माझ्या तोंडात."

दोर माझ्या हातातून सुटला आणि घागर विहिरीत गेली. सासूबाईंनी काठीवर भार देऊन उठायचा प्रयत्न केला, पण गुडघा उचलेना. मी जाऊन त्यांना काखेत धरून उभं केलं.

"घागर राहू दे," त्या म्हणाल्या. "बन्सी काढील. कपिलेला अजून वैरण टाकली न्हाई मी. चल."